शाळा-इमारतींचा नऊ वर्षांचा आराखडा : नाशिक जिल्ह्यात कामांचा क्रम कसा लावावा

जानेवारी उजाडला की अनेक शाळांना वरून निरोप येतो : ‘वर्गखोल्यांची मागणी दोन दिवसांत पाठवा.’ मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा कागद काढतात, तारीख बदलतात आणि तीच मागणी पुढे जाते. त्यातून खोली मंजूर होते, पण जागा शाळेच्या नावावर नसते. किंवा जागा असते, पण तिच्यावर निर्लेखन न झालेली, म्हणजे सरकारी नोंदीतून अजून न वगळलेली, जुनी खोली उभी असते. किंवा सगळे जुळून इमारत उभी राहते, तोवर पट निम्म्यावर आलेला असतो. तिन्ही प्रकारांत निधी कमी पडलेला नसतो. निधी आल्यावर यादी करायला घेतली, एवढेच चुकलेले असते.

हा लेख केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि ग्रामपंचायतींचे पदाधिकारी यांच्यासाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करावेत. विशेषतः दुसरा आणि चौथा टप्पा मागे ठेवण्याचा मोह टाळावा.

टप्पा १ : चौकट आणि माणसे ठरवणे

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे आणि नियमांनुसार तो तीन वर्षांचा असतो. इमारतीच्या दृष्टीने तीन वर्षे अपुरी आहेत, कारण जागेचा एक फेरफार नोंदवून घेण्यातच कधीकधी वर्ष जाते. म्हणून तीन-तीन वर्षांचे तीन भाग मिळून नऊ वर्षांचा आराखडा करावा. पहिला भाग कामनिहाय आणि रकमेसह, दुसरा फक्त कामनिहाय आणि तिसरा केवळ दिशादर्शक ठेवावा. नवव्या वर्षाचे अंदाजपत्रक आज रुपयांत लिहून कोणाचाही फायदा होत नाही.

आराखडा शाळेपुरता न करता केंद्रापुरता, म्हणजे केंद्रप्रमुखाच्या हाताखालील आसपासच्या सर्व शाळांचा मिळून, करावा. एकाच केंद्रात एका शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या असतात आणि दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसतात, हे केंद्राच्या पातळीवर पाहिल्याशिवाय दिसत नाही. गटात केंद्रप्रमुख, जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचे शाखा अभियंता, ग्रामपंचायत अधिकारी आणि प्रत्येक शाळेच्या समितीतील दोन पालक असावेत. त्या दोघांपैकी एक आई असावी. स्वच्छतागृहाची खरी अवस्था बैठकीत बहुधा तीच सांगते.

टप्पा २ : जागेचे कागद

पाहणीच्या आधी कागद हाती घ्यावेत, कारण कागद नसलेल्या शाळेला पहिल्या तीन वर्षांत नवे बांधकाम मिळणार नाही हे गृहीत धरूनच पुढचे नियोजन करावे लागते. प्रत्येक शाळेच्या फायलीत सातबारा उतारा किंवा गावठाणातील जागा असल्यास ग्रामपंचायतीचा मिळकत उतारा, मोजणीचा नकाशा, बक्षीसपत्र असल्यास त्याची नोंदणीकृत प्रत आणि फेरफाराचा उतारा, इतके कागद हवेत.

सर्वांत जास्त घोळ बक्षीसपत्राचा होतो. गावातील एखाद्या दात्याने शाळेला पाच-दहा गुंठे दिलेले असतात. त्या वेळी स्टँपपेपरवर संमतिपत्र लिहून घेतले जाते, नारळ फुटतो आणि कागद कपाटात जातो. असे संमतिपत्र म्हणजे मालकी नव्हे. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदले गेले पाहिजे, त्यावरून तलाठ्यांकडे फेरफार झाला पाहिजे आणि सातबाऱ्यावर जिल्हा परिषद शाळेचे नाव चढले पाहिजे. दाता हयात असतानाच हे उरकावे. वारस जमिनीची वाटणी करू लागले की गावाचा शब्द कितीही जुना असला, तरी काम अडते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांत आणि इगतपुरी-दिंडोरीच्या डोंगरपट्ट्यात प्रश्न वेगळा असतो : शाळा वनजमिनीवर असते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळेसारख्या सार्वजनिक सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करण्याची तरतूद आहे. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, अशा अटी आहेत. ‘वनखात्याची जागा आहे, काही होणार नाही’ असे म्हणून फाइल बंद करण्याआधी हा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह वनविभागाकडे खरोखर गेला होता का, हे पाहावे. बहुतेक वेळा तो गेलेलाच नसतो.

*तपासणी :* सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष कुंपणाच्या आतील क्षेत्र टेपने मोजून जुळवावे. तफावत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज याच टप्प्यावर करावा.

टप्पा ३ : इमारतीची पाहणी, वर्षातून दोनदा

एकदाच आणि तीही डिसेंबरच्या कोरड्या हवेत केलेली पाहणी फसवते. पहिली फेरी जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना करावी. तेव्हा गळती, ओल आणि पाणी साचण्याच्या जागा दिसतात. दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये करावी. तेव्हा जमीन सुकून आकसलेली असते आणि पायाशी संबंधित भेगा उघड्या पडतात.

सुरुवात खोल्यांना क्रमांक देण्यापासून करावी आणि तो दारावर रंगवावा. हे क्षुल्लक वाटते, पण ‘पश्चिमेकडील जुनी खोली’ असा उल्लेख असलेल्या अहवालावरून तीन वर्षांनी भलतीच खोली पाडली जाऊ शकते. त्यानंतर प्रत्येक खोलीसाठी बांधकामाचे वर्ष, छताचा प्रकार, लांबी-रुंदी, सध्याचा वापर आणि चार बाजूंची छायाचित्रे नोंदवावीत. यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती दरवर्षी भरण्याच्या सरकारी प्रणालीत, खोल्यांची स्थिती चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती आणि मोडकळीस आलेली अशा वर्गांत भरली जाते. आपली नोंद त्याच वर्गांत ठेवावी, म्हणजे पुढे दोन आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. स्वयंपाकाची खोली, कार्यालय आणि कुलूपबंद भांडार वर्गखोल्यांत मोजू नये.

नाशिक जिल्ह्यात एकच पाहणी-पत्रक सर्व तालुक्यांना चालत नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सिन्नर, येवला, नांदगाव या पट्ट्यात त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. त्यामुळे काय पाहायचे, ते ठिकाणानुसार बदलते.

घाटमाथ्याकडील तालुक्यांत आधी छतावर चढावे. स्लॅबला पुरेसा उतार आहे का, पावसाळी पाइपांची तोंडे पाल्याने बुजली आहेत का, कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्याला गोलाई दिली आहे का, हे पाहावे. गळतीच्या बऱ्याच तक्रारींत स्लॅब निकामी नसतो, पाइपाचे तोंड बुजलेले असते. मात्र छताच्या खालच्या बाजूला गंजाचे तांबूस डाग, सुटलेला गिलावा किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर वरून डांबरी कागद अंथरून उपयोग नाही. तिथे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे.

निफाड-येवल्याच्या काळ्या जमिनीत लक्ष भिंतींवर आणि पायावर ठेवावे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. प्रत्येक भेगेवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढून तारीख लिहावी आणि दुसऱ्या फेरीत रुंदी पुन्हा मोजावी. रुंदी बदलली असेल तर ती भेग जिवंत आहे, आणि तिच्यावर नुसता गिलावा करणे म्हणजे पैसे भिंतीत पुरणे. चांदोरी-सायखेडा परिसरातील नदीकाठच्या शाळांत २०१९ च्या पुराची खूण गावकऱ्यांकडून दाखवून घ्यावी आणि नव्या जोत्याची उंची तिच्यावरून ठरवावी.

मालेगाव-नांदगावकडे पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात मुले बसू शकतात का, हाच मुख्य प्रश्न आहे. दुपारी दोन वाजता खोलीत थर्मामीटर टांगून नोंद घ्यावी. तेवढी एक नोंद प्रस्तावात दहा ओळींचे काम करते.

*सावधान :* भेगा किंवा सुटलेले काँक्रीट दिसलेली खोली त्याच दिवशी रिकामी करावी आणि तसे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. अहवाल येईपर्यंत थांबू नये.

टप्पा ४ : निर्लेखन

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. जिल्हा परिषदेच्या नोंदीत जी खोली आहे, ती निर्लेखित झाल्याशिवाय पाडता येत नाही; आणि नोंदीत ती उभी असेपर्यंत शाळेकडे खोल्या ‘पुरेशा’ दिसतात, म्हणून नवी खोलीही मंजूर होत नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत हा घोळ सात वर्षे चालला होता : चार खोल्या कागदावर, दोन वापरात, आणि मुले मारुतीच्या सभामंडपात.

शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा, छायाचित्रांसह प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा, बांधकाम उपविभागाचा पाहणी अहवाल आणि साहित्याचे मूल्यांकन मिळवावे, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश घ्यावा, आणि त्यानंतरच लिलाव व पाडकाम करावे. आदेशाच्या आधी कौले, वासे, दगड यांपैकी काहीही हलवू नये. चांगल्या हेतूने गावाने श्रमदानातून पाडलेली खोलीही पुढे मुख्याध्यापकांच्या वसुलीचा विषय होऊ शकते.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. आदेश मिळतो, लिलावाला बोली येत नाही, आणि धोकादायक खोली तशीच उभी राहते. मधल्या सुट्टीत मुले तिच्याच सावलीला बसतात. आदेशापासून पाडकामापर्यंत तिच्याभोवती कुंपण घालावे.

*तपासणी :* पाडकामानंतर यू-डायस आणि जिल्हा परिषदेची मालमत्ता नोंदवही या दोन्ही ठिकाणांहून खोली कमी झाली का, हे पाहावे. एकाच ठिकाणी कमी झाली, तर घोळ नव्याने सुरू होतो.

टप्पा ५ : पटाचा अंदाज

आजच्या पटावर नऊ वर्षांचे बांधकाम ठरवू नये. पुढील पाच-सहा वर्षांत पहिलीत येणारी मुले आज अंगणवाडीच्या नोंदवहीत आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत असतात, ती मोजावीत. गावातील किती मुले जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, हा आकडा मागील तीन वर्षांचा घेऊन वजा करावा.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक धरलेले आहेत. समजा, आज पट ७४ आहे आणि जन्मनोंदीवरून सहा वर्षांनी तो ५८ वर येईल असे दिसते. आज तीन खोल्या लागतात, पुढे दोन पुरतील. अशा शाळेत चांगल्या दोन खोल्या पक्क्या दुरुस्त करून तिसरी साध्या दुरुस्तीवर चालवणे शहाणपणाचे आहे. नाशिक शहरालगतच्या आणि औद्योगिक वसाहतींजवळच्या गावांत चित्र उलटे असते. तिथे जिना आणि पाया वरच्या मजल्याचा भार धरूनच बांधावा.

एक गोष्ट स्थानिक माणसालाच कळते. पेठ-सुरगाण्याकडील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. ३० सप्टेंबरच्या पटात मुले गावाकडच्या शाळेत असतात, आणि जानेवारीत बागायत पट्ट्यातील शाळेच्या व्हरांड्यात. म्हणून दोन्हीकडील केंद्रांनी सप्टेंबर आणि जानेवारी असे दोन आकडे लिहावेत. जानेवारीच्या गर्दीसाठी कायमची खोली मागण्यापेक्षा रुंद, छताखालचा व्हरांडा मागणे अधिक टिकणारे आहे.

टप्पा ६ : चाळणी, सरासरी नव्हे

गुण देऊन शाळांची क्रमवारी लावण्याची पद्धत सोयीची दिसते, पण तिच्यात एक खोट आहे. स्लॅब पडायला आलेल्या शाळेत पाणी, कुंपण आणि स्वच्छतागृह चांगले असेल, तर एकूण गुण चांगले येतात आणि ती यादीत खाली जाते. म्हणून कामे एकामागून एक चाळण्यांतून काढावीत.

पहिल्या चाळणीत जिवाला धोका असलेली कामे येतात : धोकादायक छत, उघडी वीजजोडणी, खचलेली भिंत, कठडा नसलेली विहीर. दुसरीत मुलगे-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी. तिसरीत गळती आणि ओल, कारण ती आज थांबवली नाही तर पाच वर्षांत हीच खोली पहिल्या चाळणीत येते. कमी पडणाऱ्या खोल्या चौथ्या चाळणीत येतात. रंगकाम, प्रवेशद्वार आणि फरसबंदी शेवटी. उताराचा रॅम्प मात्र वेगळे काम म्हणून न ठेवता प्रत्येक कामातच धरावा. अडथळाविरहित प्रवेश हा अनुसूचीचा भाग आहे.

कमान आधी बांधण्याचा आग्रह गावातून होईल. तिच्यावर नाव कोरता येते, गळती थांबवल्याबद्दल कोणी फलक लावत नाही. यादी ग्रामसभेत चाळणीसकट वाचून दाखवावी. कारणे समोर असली की आग्रह बराच सैल पडतो.

टप्पा ७ : अंदाजपत्रक

अंदाजपत्रक चालू राज्य दरसूचीवरच असावे. मागच्या दरसूचीवरचे अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला परत येते आणि तेवढ्यात मार्च संपतो. दुर्गम पाड्यांसाठी खडी, वाळू, सिमेंट यांच्या वाहतुकीचे अंतर प्रत्यक्ष मोजून लावावे. अंतर कमी दाखवलेल्या कामाला ठेकेदार निविदाच भरत नाहीत.

पुढे ढकललेल्या कामांना वाढ धरावी. दर वर्षाला सहा टक्के वाढ मानली, तर आजचे १० लाखांचे काम पाच वर्षांनी सुमारे १३ लाख ३८ हजारांचे होते. शिवाय २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे नाशिक-त्र्यंबक परिसरात गवंडी, खडी आणि ठेकेदार यांची ओढाताण राहणार, हे धरून त्या भागातील मोठी कामे शक्य तिथे पुढच्या वर्षांत ठेवावीत. धोक्याची कामे मात्र थांबवू नयेत.

टप्पा ८ : कोणते काम कोणत्या निधीतून

नव्या खोल्या आणि मोठ्या दुरुस्त्या जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा समग्र शिक्षा अभियानातून मागाव्यात. समग्र शिक्षाचा वार्षिक आराखडा यू-डायसच्या आकड्यांवर उभा असतो. तिथे ‘चांगली’ असा शेरा असलेल्या खोलीची दुरुस्ती कोणीही मंजूर करणार नाही. पाणी आणि स्वच्छतागृहांसाठी ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतील बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा, हिस्सा योग्य आहे. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी (अनुसूचित) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना पाच टक्के थेट निधीतूनही शाळेच्या सुविधा घेता येतात. या दोन्हींसाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावे लागते, म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडावा. शाळेला पटानुसार मिळणारे संयुक्त शाळा अनुदान ३० मुलांपर्यंत १० हजार आणि ३१ ते १०० मुलांसाठी २५ हजार इतकेच असते. त्यातून पन्हाळी, कड्या, नळ आणि पाइपांची सफाई करावी, स्लॅबचे स्वप्न पाहू नये. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी सातपूर-अंबड-सिन्नरकडील उद्योगांना भेटताना कागद पूर्ण असलेलीच शाळा न्यावी.

जिल्हा वार्षिक योजनेबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. जिल्हा परिषद मंजूर नियतव्ययातून, म्हणजे वर्षासाठी ठरवून मिळालेल्या रकमेतून, आधी जुन्या अपूर्ण कामांचे दायित्व वजा करते आणि उरलेल्या रकमेवर दीडपटीने नवी कामे धरते. म्हणजे मागची कामे रखडली की नव्यांना जागाच उरत नाही. तालुक्याला नव्या खोल्या हव्या असतील, तर जुन्या कामांची देयके वेळेत निघणे हाच त्याचा पहिला उपाय आहे.

*सावधान :* एकच काम दोन योजनांत टाकू नये. दोन्हीकडे मंजूर झाले तर एक रद्द होते, आणि रद्द होण्याच्या पत्रव्यवहारात दुसरेही लांबते. एक काम, एक योजना. दुसरी पर्याय म्हणून शेऱ्यात लिहावी.

टप्पा ९ : वर्षाचे वेळापत्रक आणि काम

नाशिककडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. त्यामुळे छताचे काम मेअखेर पूर्ण झालेच पाहिजे, आणि त्यासाठी कार्यारंभ आदेश जानेवारीपर्यंत हाती हवा. मार्चअखेर आदेश निघालेल्या कामाचे छत जूनमध्ये उघडे सापडते. असे काम त्या वर्षी सुरूच करू नये.

स्लॅबला पाणी कुठून येणार, हे टाकण्याआधी ठरवावे. कोरड्या-उष्ण हवेत आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला १४ दिवस पाणी मारावे लागते. येवला, नांदगाव, सिन्नरच्या टँकरग्रस्त गावांत एप्रिलमध्ये हे पाणी मिळत नाही. आणि भरपूर पावसाच्या पेठ-सुरगाण्यातही मे महिन्यात वाड्या-पाड्यांवर टँकर लागतात. म्हणून अशा गावांत स्लॅब नोव्हेंबर ते जानेवारीत टाकावा, त्यासाठी आदेशही त्याआधी मिळवावा आणि आतली कामे उन्हाळ्यात करावीत.

शाळा व्यवस्थापन समितीने अभियंत्याचे काम करू नये, पण चार गोष्टी जरूर पाहाव्यात : सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधीचे छायाचित्र, सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत का, १५ सेंटिमीटरचे घन भरून २८ दिवसांच्या चाचणीसाठी पाठवले का, आणि पाणी मारल्याची रोजची नोंद. नाशिकमध्ये दिंडोरी रोडला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, आहे. साहित्य-चाचणीसाठी लांब जायला नको.

*तपासणी :* नव्या स्लॅबवर बांध घालून निदान २४ तास पाणी तुंबवावे आणि खालून पाहावे. ही चाचणी अंतिम देयकाच्या आधी करावी.

टप्पा १० : ताबा, देखभाल आणि दरवर्षीची उजळणी

ताबा घेताना पूर्ण झालेल्या कामाचा नकाशा, वीज आणि पाण्याच्या नळ्यांच्या मार्गाचे रेखाटन आणि दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) संपण्याची तारीख लेखी घ्यावी. ती तारीख मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर लावावी. मुख्याध्यापक बदलून जातात, तारीख राहते. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी, शक्यतो पावसाळ्यात, शाखा अभियंत्यांसह फेरी मारून दोषांची यादी ठेकेदाराला द्यावी. मुदतीनंतर तीच दुरुस्ती शाळेच्या खर्चाने होते.

देखभालीचे किमान वेळापत्रक असे : मेअखेर छत आणि पावसाळी पाइप साफ करणे, दिवाळीच्या सुट्टीत भेगांच्या रेघा पुन्हा मोजणे, मार्चमध्ये पाण्याची टाकी आणि वीजजोडणी तपासणे. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि दोन सह्या घ्याव्यात.

नऊ वर्षांचा आराखडा दरवर्षी सप्टेंबरमध्ये, यू-डायसची माहिती भरतानाच, एक वर्ष पुढे सरकवावा. झालेले काम काढावे, नवी पाहणी घालावी, पटाचे दोन्ही आकडे बदलावेत आणि चाळण्या पुन्हा लावाव्यात. मग जानेवारीत निरोप आला, की केंद्रप्रमुखांनी पहिल्या तीन वर्षांचे पान काढून त्यावर आवक-जावक क्रमांक टाकायचा, एवढेच उरते.